मांजराचे मुके दुखणे

मांजर मारणे हे आपल्याकडे मोठे पाप मानले आहे. हातून चुकून मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, असे जुनी माणसे सांगतात. सोन्याचा आजचा भाव पाहता ही शिक्षा कोणालाही धाक बसावा अशीच आहे. परंतु मांजर डोळ्यांदेखत आजारी पडले, चार दिवस कोठीच्या कोपऱ्यात बसून राहिले आणि पाचव्या दिवशी गेले, तर ते पाप कोणाच्या माथी, याविषयी मात्र कोणी काही सांगून ठेवलेले नाही. ‘गेलं बिचारं, तेवढंच त्याचं आयुष्य’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

प्रस्तुत लेख त्या चार दिवसांविषयी आहे. त्या दिवसांत मांजर आपल्याला काही सांगत असते काय, सांगत असल्यास कोणत्या भाषेत, आणि ते कळल्यावर बेताच्या मिळकतीच्या घरातील माणसांनी काय करावे, एवढाच याचा विषय. गाय-म्हैस आजारी पडली तर सारे घर धावते, कारण तिच्यावर घर चालते. कुत्रा दुखले-खुपले की विव्हळतो, पायाशी येऊन घोटाळतो. मांजर दूध देत नाही, राखण करीत नाही. ते उंदीर धरते, पण न खाल्लेल्या धान्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. त्यामुळे त्याच्या दुखण्याकडे लक्ष जाते ते बहुधा फार उशिरा. ‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ अशी म्हण आपण नेहमी वापरतो. मांजर आजारी पडते तेव्हा मिटलेले डोळे त्याचे नसून आपले असतात.

दुखणे लपविण्याचा स्वभाव

मांजर माणसाच्या सहवासात आले त्याला काही हजार वर्षे झाली. सायप्रस बेटावरील शिलूरोकांबोस येथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडल्याचे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केले. घरगुती मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर, हेही २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनातून स्पष्ट झाले आहे. हे रानमांजर एकटे राहते, एकटे शिकार करते आणि स्वतः मोठ्या प्राण्यांची शिकारही होते. लंगडणारे, कण्हणारे रानमांजर म्हणजे शत्रूला दिलेले आमंत्रणच. कळपातल्या प्राण्याला निदान सोबत्यांचा आधार असतो. एकट्या प्राण्याला अशक्तपणा दाखविणे परवडत नाही.

घरात उशीवर झोपणाऱ्या मांजरानेही हा स्वभाव सोडलेला नाही. म्हणून मांजराच्या आजाराचे पहिले लक्षण रडणे-ओरडणे हे बहुधा नसते. ते असते सवयीतील बदल. रोज उंच कपाटावर उडी मारणारे मांजर खालच्या पेटीवरच बसू लागते. दाराचा आवाज होताच येणारे मांजर पलंगाखालून बाहेर येत नाही. अंग चाटून स्वच्छ ठेवणाऱ्या मांजराची लव गुठळ्या होऊन चिकटते. एरवी अंगाला हात लावू न देणारे मांजर अचानक गप्प पडून राहते, किंवा गरीब मांजर हात लावताच फिसकारते.

हे बदल कोणाला दिसतात? ज्याला त्या मांजराच्या सवयी ठाऊक आहेत त्याला. माझ्या आजीला अक्षरओळख नाही, परंतु ‘मनी आज दूधभाताला एकदाच आली’ हे घरात सर्वांत आधी तिच्याच लक्षात येते. डॉक्टर पुढे जी तपासणी करतात तिची सुरुवात अशाच एका वाक्यापासून होते. तेव्हा मांजराच्या आजाराची पहिली पारख करण्यास शिक्षण लागत नाही, लक्ष लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मांजर गुरगुरते आहे म्हणजे ते सुखात आहे असे आपण समजतो. एरवी ते बरेचसे खरेही असते. परंतु मांजर वेदनेत असताना, भेदरलेले असताना, क्वचित मरणाच्या दारातही गुरगुरते. त्यामुळे गुरगुर ऐकून निश्चिंत होऊ नये, चेहऱ्याकडे पाहावे. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळ्यांचे आकुंचन, नाकातोंडाजवळच्या भागाचा ताण, मिशांची दिशा आणि खांद्यांच्या तुलनेत डोक्याची उंची या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यावयाचे. दहापैकी चार किंवा अधिक गुण झाले तर वेदनाशामक उपचाराची गरज आहे असे समजावे. थोडक्यात सांगायचे तर, कान बाजूला पडलेले, डोळे बारीक केलेले, मिशा ताठ होऊन पुढे आलेल्या आणि मान खाली घातलेली, असे मांजर ‘झोपाळलेले’ नसून दुखण्याने बेजार असण्याचा संभव अधिक.

घरच्या घरी करावयाची पाहणी

ही पाहणी करण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. मात्र मांजर चांगले असतानाच ती दोन-चार वेळा करून ठेवावी, म्हणजे आजारातील फरक ताबडतोब कळतो.

पहिली गोष्ट श्वास. मांजर गाढ झोपलेले किंवा शांत बसलेले असताना त्याची छाती अर्ध्या मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजावे व त्या आकड्याची दुप्पट करावी. एकदा वर व एकदा खाली मिळून एक श्वास. निरोगी मांजराचा हा आकडा मिनिटाला साधारणतः २० ते ३० असतो. झोपेतही तो वारंवार ३० च्या वर जात असेल तर डॉक्टरांना दाखवावे. ४० च्या पुढे गेला तर त्याच दिवशी.

दुसरी गोष्ट हिरड्या. वरचा ओठ अलगद उचलून हिरडीचा रंग पाहावा. तो गुलाबी हवा. हिरडीवर बोट दाबून सोडले असता पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. पांढुरक्या हिरड्या म्हणजे रक्त कमी झाले आहे किंवा रक्ताभिसरण मंदावले आहे. पिवळ्या म्हणजे कावीळ. निळसर किंवा जांभळ्या म्हणजे प्राणवायू पुरत नाही. तपकिरी, चॉकलेटसारख्या रंगाच्या हिरड्या विषबाधा सुचवितात. (काही मांजरांच्या हिरडीवर जन्मतः काळे डाग असतात, त्यांची चिंता नको.) हिरडी ओलसर लागण्याऐवजी चिकट लागली तर शरीरातले पाणी कमी झाले आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट ताप. नाक कोरडे की ओले यावरून ताप ठरविण्याची आपल्याकडे रीत आहे. ती भरवशाची नाही. उन्हात झोपलेल्या निरोगी मांजराचे नाकही कोरडे असते. हात लावून पाहण्यातही फसगत होते, कारण मांजराचे नेहमीचे तापमानच आपल्याहून अधिक, सुमारे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणजे आपल्याला जो ताप वाटतो ते त्याचे आरोग्य असू शकते. ताप गुदद्वारातून मोजावा लागतो व ते काम डॉक्टरांवर सोपविणे बरे.

चौथी गोष्ट खाणे. मांजर ‘नखरे करते’ अशी आपली समजूत असल्यामुळे त्याने तोंड फिरविले तरी आपण मनावर घेत नाही. माणूस चार दिवस उपवास करू शकतो, मांजर करू शकत नाही. अन्न मिळेनासे झाले की त्याच्या अंगातील चरबी मोठ्या प्रमाणात यकृताकडे येते, आणि ती सगळी वापरण्याची शक्ती त्याच्या यकृतात नसते. चरबी साठून यकृतच निकामी होऊ लागते. हा धोका लठ्ठ मांजराला विशेष असतो आणि दोन-तीन दिवसांच्या उपासातही त्याची सुरुवात होऊ शकते. म्हणून चोवीस तास काहीच न खाल्लेले मांजर डॉक्टरांना दाखवावे; लहान पिल्लू असेल तर त्याच्याही आधी.

पाचवी गोष्ट वजन. मांजराला पिशवीत घालून किराणा दुकानातील काट्यावर ठेवले तरी वजन कळते. चार किलोच्या मांजराचे वजन ४०० ग्रॅमने घटले तर ऐकायला ते थोडे वाटते. पण हा दहावा हिस्सा झाला. साठ किलोच्या माणसाचे वजन सहा किलोंनी उतरावे तसेच हे. सात-आठ वर्षांपुढील मांजराचे वजन उतरत चालले, ते पाणी फार पिऊ लागले व लघवी फार करू लागले, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा कंठातील थायरॉइड ग्रंथीचा विकार यांपैकी काहीतरी असण्याचा संभव असतो. चार किलोचे मांजर दिवसाला ४०० मिलिलिटरहून अधिक पाणी पीत असेल तर ते निश्चितच प्रमाणाबाहेर आहे. अशा म्हाताऱ्या मांजराला ‘तहान बरी लागते, म्हणजे तब्येत ठीक’ असे म्हणणे ही भूल होय. वेळीच निदान झाले तर त्याला आणखी काही वर्षे बरी काढता येतात.

याशिवाय डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा, म्हणजे मांजराची तिसरी पापणी, दोन्ही डोळ्यांवर सतत अर्धी आलेली दिसणे. तोंडाला घाण वास येऊन लाळ गळणे. डोळ्यांतून व नाकातून चिकट स्राव वाहणे, हीही तपासून घेण्याजोगी लक्षणे होत. महिन्यातून एखादे वेळी केसांचा गोळा ओकणे हे मात्र मांजराच्या बाबतीत नेहमीचे आहे. एकाच दिवसात चार-पाच वेळा ओकारी झाली, ओकारीत रक्त दिसले किंवा ओकल्यावर मांजर मलूल पडले, तर तो केसांचा गोळा नव्हे.

घटका मोजू नये अशी लक्षणे

वर सांगितलेल्या बहुतेक बाबतींत एखादा दिवस हाती असतो. पुढील बाबतींत तोही नसतो.

बोक्याची लघवी अडकणे हे त्यात पहिले. बोक्याची मूत्रनलिका अतिशय अरुंद असते. लघवीतील खडे आणि चिकट द्रव्य यांचा बुचासारखा गोळा तीत अडकला की लघवी पूर्ण बंद होते. बोका पुन्हा पुन्हा मातीत किंवा वाळूत बसतो, जोर करतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो. थेंबभर लघवी होते किंवा तीही होत नाही. आमच्या आळीतील एका शेजाऱ्यांच्या पिवळ्या बोक्याला असेच झाले. तो कुंथतो आहे हे सर्वांना दिसत होते. पण त्याला बद्धकोष्ठ झाले असावे असे समजून एरंडेल पाजण्यात आले. दुसऱ्या दिवशी तो ओकू लागला तेव्हा एरंडेल लागू पडले असे वाटले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो मेलेला आढळला. घरच्यांचे त्याच्यावर प्रेम नव्हते असे नाही, माहिती नव्हती. लघवी तुंबली की शरीरातील विषारी द्रव्ये रक्तात साठतात, पोटॅशियमचे प्रमाण वाढते व त्यामुळे हृदयाचे ठोके मंदावून ते बंद पडते. हे सारे दोन-तीन दिवसांत घडते. डॉक्टर बारीक नळी घालून ही वाट मोकळी करतात. पहिल्या काही तासांत नेले तर बोका वाचण्याची आशा चांगली असते. म्हणून कुंथणारा बोका दिसला की प्रथम लघवी झाली आहे काय ते पाहावे, आणि झाली नसेल किंवा शंका असेल तर रात्र काढू नये. मांजरीत हा प्रकार क्वचितच होतो.

दुसरे लक्षण तोंड उघडून धापा टाकणे. कुत्रा धापा टाकतो ते त्याचे अंग थंड करण्याचे साधन आहे. मांजराचे तसे नाही. फार खेळून झाल्यावर पिल्लू क्षणभर धापा टाकील तेवढे सोडल्यास मांजराने तोंडाने श्वास घेणे म्हणजे छातीत पाणी, हृदयविकार, दमा किंवा उष्माघात यांपैकी काहीतरी समजावे. अशा मांजराला दाबून धरू नये, पाणी पाजू नये. भीतीनेही त्याचा जीव जातो. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत कोंडून राहिल्यामुळे असे झाले असेल तर सावलीत आणून अंग साध्या पाण्याने ओले करावे, वारा घालावा आणि तडक निघावे. बर्फ लावू नये.

तिसरे, मागचे पाय एकाएकी लुळे पडणे. मांजर किंचाळते, पाय ओढीत सरपटते, मागची पावले गार लागतात. पुष्कळांना साप चावला किंवा कोणी काठी मारली असे वाटते. तेही शक्य आहे. परंतु हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकल्यानेही नेमके असेच होते. वेदना भयंकर असतात. कारण कोणतेही असो, ते डॉक्टरांनीच ठरवावे.

चौथे, दोरा गिळणे. सुईत ओवलेला दोरा, संक्रांतीचा मांजा, हारातील जर या वस्तूंशी मांजर खेळते आणि त्याच्या खरखरीत जिभेवरून त्या आत सरकतात. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली गुंतते आणि दुसरे आतड्यात जाते. मग आतडे दोऱ्यावर चुणीसारखे गोळा होऊन कापले जाते. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. ओढणे म्हणजे आतडे फाडणे होय. टोक तसेच ठेवून दवाखाना गाठावा.

पाचवे, लस न टोचलेल्या पिल्लाला एकाएकी ओकाऱ्या, हगवण व ताप येऊन ते पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसणे. हा बहुधा पॅनल्युकोपेनिया नावाचा विषाणूजन्य रोग असतो. एका वेतातील सगळी पिल्ले त्यात दोन-तीन दिवसांत जाऊ शकतात. हा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो, साध्या साबणाने मरत नाही. ब्लीचिंगच्या द्रावणाने मरतो. माणसाला तो होत नाही. लस मात्र उत्तम काम करते. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचे झाल्यावर पहिली मात्रा द्यावी व ते सुमारे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुढील मात्रा द्याव्यात.

आकडी येणे, शुद्ध हरपणे, गाडीखाली सापडणे, उंचावरून पडणे यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. एवढेच लक्षात ठेवावे की अपघातानंतर मांजर चालत घरी आले तरी आत रक्तस्राव झालेला असू शकतो. त्याच्या हिरड्या व श्वास पाहावेत.

औषधाच्या डब्यातील विष

मांजराच्या जिवावर बेतणाऱ्या काही गोष्टी आपल्याच हातून, आणि मायेपोटी, होतात. त्यांत पॅरासिटामॉलचा क्रमांक वरचा. मांजर गरम लागते म्हणून माणसाच्या तापाची अर्धी गोळी दुधातून देणारे लोक आहेत. आपले यकृत हे औषध एका विशिष्ट प्रक्रियेने निरुपद्रवी करून बाहेर टाकते. मांजर पिढ्यान्‌पिढ्या केवळ मांसाहारी राहिले. वनस्पतींतील द्रव्ये पचविण्यास उपयोगी असलेली ही यंत्रणा त्याच्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे औषधाचे विषात रूपांतर होते, रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड व पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजर मारण्यास पुरेशी आहे. चुकून गोळी पोटात गेलीच तर तिच्यावर उतारा आहे, पण तो काही तासांच्या आत मिळाला पाहिजे. आयबुप्रोफेनसारख्या इतर वेदनाशामक गोळ्याही अशाच घातक आहेत.

एका प्राण्याचे औषध दुसऱ्याचे विष कसे ठरते, याचा मोठा धडा आपल्या देशाने घेतलेला आहे. गुरांना डायक्लोफेनॅक हे औषध दिले जाई. त्या गुरांची मढी खाल्लेली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती. हे कारण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले आणि २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. गाय बरी होत होती आणि गिधाड मरत होते, औषध मात्र एकच. तोच न्याय माणूस आणि मांजर यांना लागू आहे.

घरातील इतर विषेही ध्यानात ठेवावीत. फरशी पुसण्याच्या फिनेलवरून मांजर चालते व नंतर पाय चाटते. कपाटातील डांबराच्या गोळ्या, कांदा-लसूण घातलेला रस्सा, कुत्र्याच्या पिसवांवरील परमेथ्रिन असलेले औषध, ही सारी त्याला बाधतात. पिसवांसाठी रॉकेल चोळण्याची जुनी रीत तर सर्वस्वी त्याज्य होय. पुष्पगुच्छात येणारी मोठी, कर्ण्याच्या आकाराची लिलीची फुले मांजराची मूत्रपिंडे निकामी करतात. अंगावर पडलेले पराग चाटले तरी पुरे होते. उंदरांच्या विषाचे आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. झिंक फॉस्फाइडची काळी पूड पोटात जाऊन विषारी वायू तयार करते व काही तासांतच परिणाम दाखविते. ब्रोमाडायोलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत. त्यांचा परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो, म्हणून फसगत होते. विषाचे वेष्टन डॉक्टरांकडे नेले तर उपचार नेमका करता येतो. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. बेशुद्ध मांजराच्या तोंडात दूध-पाणी घालू नये, ते फुप्फुसात जाते.

दवाखान्याची वाट

‘माणसाला औषध मिळायची मारामार, आणि हे मांजर घेऊन निघाले डॉक्टरकडे!’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मांजर पाळणारा आमच्या भागात विरळा. तालुक्याच्या गावी ‘गुरांचा दवाखाना’ असतो; तेथे बैल, शेळ्या यांच्या रांगेत टोपलीत मांजर घेऊन उभे राहणे म्हणजे हसे करून घेणे, असे पुष्कळांना वाटते. या लाजेपायी जेवढी मांजरे मरतात तेवढी पैशापायी मरत नसावीत, असे मला वाटते. वस्तुतः पशुवैद्य हा गुरांपुरता शिकलेला नसतो. मुंबईच्या परळ भागातील पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली स्थापन झाले. आज नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर येथेही अशी महाविद्यालये असून ती महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्यांच्या अभ्यासक्रमात गुरांबरोबर कुत्री-मांजरेही असतात, आणि सरकारी दवाखान्यातील खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा कितीतरी कमी असतो. जवळचा दवाखाना कोठे व केव्हा उघडा असतो हे मांजर बरे असतानाच विचारून ठेवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावरही चौकशी करता येते.

मांजर नेताना झाकणाची टोपली किंवा भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्यावा, आत त्याच्या नेहमीच्या झोपण्याचे फडके घालावे आणि वरून कापड झाकावे. अंधारात मांजर शांत राहते. नुसते कडेवर घेऊन एस.टी.त बसू नये. घाबरले की ते ओरबाडून पळते आणि मग सापडत नाही. डॉक्टरांना पुढील गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: शेवटचे केव्हा खाल्ले, लघवी व शी केव्हा झाली, ओकारी किती वेळा व कशी, कोणते औषध घरी दिले, लसी टोचल्या आहेत काय. घरी काही देऊन झाले असेल तर ते संकोच न करता सांगावे. लपविल्याने उपचार चुकतो. डॉक्टरांनी पाच दिवसांचे औषध दिले असेल तर तिसऱ्या दिवशी मांजर खेळू लागले म्हणून ते थांबवू नये.

माणसांनी घ्यावयाची काळजी

आजारी मांजर भीतीने चावते. त्याला हाताळताना जाड टॉवेलात गुंडाळावे. एरवी शांत असलेले मांजर अकारण अंगावर धावून येऊ लागले, त्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली, गिळता येईना, तर ते पिसाळले असण्याची शंका घ्यावी आणि त्याला हात न लावता पशुवैद्यांना कळवावे. मांजर चावले किंवा त्याने रक्त येईल असे ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. चुना, हळद, मिरची लावू नये. लुई पाश्चरने १८८५ साली ही लस प्रथम माणसाला टोचली, तेव्हापासून या रोगातून वाचण्याचा मार्ग आहे; परंतु लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ बंद होतो. मांजरालाही तीन महिन्यांचे झाल्यावर ही लस टोचून घ्यावी व पुढे डॉक्टर सांगतील तशी पुन्हा द्यावी.

मांजराच्या अंगावर गोल टक्कल पडलेले चट्टे दिसले तर तो नायटा असू शकतो व तो घरातील मुलांना होतो. गरोदर स्त्रीने मांजराची घाण काढू नये. दुसऱ्या कोणी ती रोजच्या रोज काढावी, कारण मांजराच्या विष्ठेतून पसरणारा टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी गर्भास अपाय करतो, आणि बाहेर पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला निदान एक दिवस तरी लागतो. रोज साफसफाई केली तर मांजर घराबाहेर काढण्याचे कारण राहत नाही.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल की एका मांजरासाठी हा उपद्व्याप कशाला? त्याला माझे उत्तर असे की यातील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. श्वास मोजायला अर्धे मिनिट लागते, हिरडी पाहायला दोन सेकंद. बोक्याला लघवी झाली की नाही हे पाहायला अंगणापर्यंत जावे लागते. आणि ही सवय मांजरापुरती राहत नाही. आपल्या घरांतून न बोलता दुखणे काढणारे मांजर एकटेच नसते. म्हातारी माणसे असतात, तान्ही मुले असतात, पोटात दुखत असतानाही चुलीपुढे बसणाऱ्या बाया असतात. रोजच्या सवयीत पडलेला फरक ओळखून ‘काय होतंय?’ असे वेळेवर विचारणे ज्याला मांजराच्या बाबतीत साधले, त्याला ते माणसांच्या बाबतीतही साधेल. माझ्या मित्रमैत्रिणींपैकी ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी आज संध्याकाळी ते झोपले की त्याचे श्वास मोजून आकडा कोठेतरी लिहून ठेवावा, एवढीच विनंती.